कावळा बुलबुलाला फांदी देऊ करतो

ओढ्याकाठच्या जंगलात, सागाच्या एका ढोलीत एक खार राहत असे. पदरात तीन पिल्लं, तीही कायम भुकेलेली. कुठल्या झाडाला फळ पिकलंय हे शोधत हिंडायला तिला सवड कुठली? सारं जंगलच रोज सकाळी कावळ्याला विचारी. तो उंच उडे, सगळं पाही आणि उंबराच्या फांदीवर बसून फुकट सांगे. पण मुलांनो, पुढे पुढे त्याला शिंगं फुटली. जवळची झाडं तो आपल्या भाऊबंदांसाठी राखून ठेवी आणि खारीला पाठवी थेट टेकडीपलीकडे. बिचारी धापा टाकत परत येई, तोवर पिल्लं रडून झोपलेली असत.

अशात तिथे एक बुलबुल आला. खारीला म्हणाला, "अगं ताई, तुझ्या शेजारचं जांभूळ लगडलंय की." बातमी पसरली आणि जो तो बुलबुलाला विचारू लागला. झालं, कावळ्यालाही आता जवळची झाडं दिसू लागली. खारीची पिल्लं चांगली गुबगुबीत झाली.

कावळा मोठा बेरकी. तो बुलबुलाला म्हणाला, "कशाला उगाच पंख मोडून घेतोस? माझ्या फांदीवर ये. आयतं खा, मजेत राहा." बुलबुल हुरळून गेला. पण त्या जंगलाची एक रीत होती. एकच काम करणाऱ्या दोघांना एकत्र यायचं असेल, तर आधी वडाखाली म्हाताऱ्या हत्तिणीला विचारावं लागे. सभा भरली. "त्यात काय वाईट? सगळं एकाच जागी कळेल," माकडं म्हणाली. खार मात्र भीत भीत पुढे झाली. "आजी, बुलबुल आला म्हणून कावळेदादांना माझ्या शेजारचं जांभूळ दिसलं. उद्या दोघे एकाच फांदीवर बसले, तर माझ्या नशिबी पुन्हा ती टेकडीच."

हत्तिणीने बुलबुलाला विचारलं, "काय रे बाळा, तिथे जाऊन तू करणार काय?"

"काहीच नाही, आजी," बुलबुल भोळेपणाने म्हणाला. "दादा म्हणाले, नुसतं बसायचं. कुठे काय पिकलंय, ते तेवढं कुणाला सांगायचं नाही."

सगळे कावळ्याकडे बघू लागले. त्याने चोच पिसांत खुपसली.

"मग नाही जमायचं," हत्तीण म्हणाली. "दोघांनी आपापल्या झाडावरूनच सांगायचं. आणि बुलबुल दमला, तर त्याच्या खाण्याचं आपण सगळे बघू." खारीचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी उजाडतं न उजाडतं तोच कावळा आपणहून ढोलीपाशी हजर. "खारताई, ओढ्यापाशी करवंदं पिकलीत हो."

"बरं झालं सांगितलंत, दादा," खार निवांत आळस देत म्हणाली. "पण थांबा जरा, बुलबुल काय म्हणतो तेही ऐकते."

तात्पर्य : सांगणारा एकटाच उरला, की तो आपल्या सोयीचं सांगू लागतो, म्हणून विचारायला दुसरं दार नेहमी उघडं राहील, याची काळजी सगळ्यांनी मिळून घ्यावी.