डाव्या पायाची वहाण

“आत्म्याला जात नाही म्हणता ना, महाराज... मग गाव सांगायला काय हरकत आहे?”

विचारणारी हौसाबाई. नदीपल्याडची, पासष्टी ओलांडलेली, दर सोमवारी टेकडी चढून येसबाबांच्या मठीत येणारी.

ज्याला विचारलं तो महादेव. बाबांचा शिष्य. चार वर्षं मठीत राहिलेला.

महादेव शांतपणे हसला. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये मावशी, असं म्हणाला.

“मूळ कुठं विचारलं? गावाकडं जायला यष्टी कुठनं धरता, तेवढंच विचारलं.”

सगळे हसले. महादेवही हसला. पण हसता हसता त्यानं उजवा हात उपरण्याखाली सरकवला.

त्या हाताच्या पहिल्या बोटावर एक खाच होती. लहानपणापासून मेणाचा दोरा ओढून ओढून पडलेली. असली खाच एकाच धंद्यात पडते. आणि हौसाबाईचे डोळे या वयातही घारीचे होते.

तिला कळलं असेल का?... की तिला कुणी विचारायला सांगितलं असेल?

येसबाबांच्या मठीची रीत साधी होती. सोमवारी दुपारी कुणीही यावं, मनात असेल ते विचारावं. एखाद्या सुनेनं विचारावं की शेजारणीच्या घरचा चहा माझ्या घशाशी का अडतो. एखाद्या सावळ्या मुलीनं विचारावं की मला आरशाचा राग का येतो. आडपडदा नको.

फक्त विचारणाऱ्यानं आणि सांगणाऱ्यानं, दोघांनीही आधी तीन गोष्टी सांगायच्या. नाव, गाव, आणि हाताला काय येतं.

बाबा स्वतःपासून सुरुवात करायचे. “मी येसबा. माळेवाडीचा. विहिरी खणायचो. विचारा.”

महादेव बाबांच्या शेजारी बसायचा, पण सांगणारा तो नव्हता. आणि चार वर्षांत त्यानं प्रश्न तर एकही विचारला नव्हता. त्यामुळे ही रीत त्याला कधी लागलीच नाही.

बाबांचं बोलणं संपलं की तो आपली दोन वाक्यं जोडायचा. देहावर, आत्म्यावर. फार गोड बोलायचा. लोक म्हणायचे, बाबा पाणी देतात आणि महादेव त्यात साखर घालतो.

व्यंकटराव नावाचे एक बागाईतदार तर त्याला महादेवशास्त्री म्हणायचे. कूळ लपत नाही हो, बोलण्यावरनं कळतं, असं चारचौघांत सांगायचे. महादेवनं त्यांना कधी अडवलं नव्हतं.

तसं खोटं तो बोलला नव्हता. वडिलांचा कोल्हापूरकडे व्यवसाय होता, एवढंच म्हणाला होता. चांभाराचा महाद्या हे नाव आपण गावच्या वेशीवर सोडून आलो, असं त्याला वाटायचं.

या मठीच्या आधी एका मोठ्या मठात तो खरं बोलला होता. तिथं कुणी वाकडा शब्द काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्याचं ताट पंगतीच्या टोकाला, जरा अंतर ठेवून मांडलेलं असायचं... कोण मांडायचं, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हापासून तो माणसांचे चेहरे कमी बघायचा. ताट मांडणारे हात बघायचा.

त्या सोमवारी माणसं उठायच्या बेतात असताना बाबा म्हणाले, आवाज आता साथ देत नाही. पुढच्या सोमवारपासून महादेव सांगेल, मी ऐकेन.

लोकांना आनंद झाला. व्यंकटराव म्हणाले, मी शाल घेऊन येतो.

महादेवला रीत आठवली.

नाव, गाव, हाताला काय येतं...

बाबांना कळलंय. नक्की कळलंय. नाहीतर आवाज आजच कसा बसला?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. महादेवला ते भर दुपारी दिसायला लागलं. जेवताना वाढणाऱ्या बाईनं विचारलं, आमटी वाढू का. रोज तर न विचारता वाढते, मग आज का विचारते?... त्यानं आमटी घेतली नाही. मग वाटलं, घेतली नाही हेही तिच्या लक्षात आलं असेल.

मंगळवारी बाबांच्या उजव्या वहाणेचा अंगठा तुटला. उद्या बाजारात शिवायला दे, बाबा म्हणाले.

महादेवनं वहाण हातात घेतली आणि तुटलेलं टोक सवयीनं उजेडात धरलं. अर्धं टोक झिजून विरलेलं होतं. उरलेलं अर्धं... सरळ. सुरीनं कापल्यासारखं.

त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा डावा तळपाय चोळत बसले होते. त्यांचं लक्ष नव्हतं. किंवा नसल्यासारखं होतं.

बाबांचा डावा पाय हा मठीत सगळ्यांच्या काळजीचा विषय. चालताना ते तो जरा उचलून टाकायचे. कुठं दुखतं विचारलं तर नुसतं पाय म्हणायचे. लोकांनी आपलं आपण ठरवलं, गुडघा. कुणी निर्गुडीचं तेल आणायचं, कुणी मोहरीचं. महादेव रोज संध्याकाळी ते बाबांच्या गुडघ्याला मन लावून चोळायचा.

गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. महादेवला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

डाव्या वहाणेच्या टाचेपाशी टाक्याची गाठ वर आली होती. ती टोचायची म्हणून माणूस पाय उचलत होता. चपला शिवणाऱ्याच्या घरात वाढलेल्याला हे नुसत्या चालीवरनं कळतं.

पण सांगायचं म्हणजे, कसं कळलं तेही सांगावं लागलं असतं...

म्हणून तो चार वर्षं गुडघ्याला तेल चोळत राहिला.

बुधवारच्या बाजारात चपला शिवणारा एक म्हातारा बसायचा. महादेवची पावलं तिकडे वळेनात. तो आपल्याच गावाकडचा निघाला तर? माझ्या तोंडावर त्याला माझ्या बापाचा तोंडवळा दिसला तर?

दुपारी तो मठीच्या गोठ्यामागे गेला. त्याच्या बोचक्याच्या तळाशी, पोथीच्या फडक्यात गुंडाळलेली वडिलांची आरी होती. कातड्याला भोक पाडायची, लाकडी मुठीची. चार वर्षांत ती एकदाही बाहेर निघाली नव्हती.

आरी हातात आली आणि मग हातांनी त्याला काही विचारलंच नाही. वादी भिजवली, भोकं पाडली, दोरा दोन्ही बाजूंनी ओवला, गाठ आत दाबली.

शिवून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण गुणगुणत होतो.

तो एकदम गप्प झाला. गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवून त्याच्याकडे बघत होती. त्याला तिचाही संशय आला.

पुढचे चार दिवस त्यानं सोमवारचं वाक्य घासूनपुसून तयार केलं. मी महादेव. गाव सोडलेला. हाताला जपमाळ येते. वाक्य त्यालाच आवडलं. यात खोटं काही नव्हतं आणि खरंही कुठं सापडत नव्हतं.

सोमवारी मठी गच्च भरली. व्यंकटराव मांडीवर घडीची शाल घेऊन बसले होते. हौसाबाई अगदी पुढे.

बाबा अनवाणी आले. डावी वहाण त्यांच्या हातात होती. बसले आणि म्हणाले, आधी माझी वहाण दे, मग सांगायला बस.

महादेव उजवी वहाण घेऊन पुढे आला. बाबांच्या पायाशी वाकला. आणि खाली ठेवण्याआधी, त्याचं त्यालाच काही कळायच्या आत, वहाणेची आतली बाजू त्यानं आपल्या गालावरून हळूच फिरवली.

मठीत कुजबूज झाली. गुरूची वहाण गालाला लावली बघा... एका बाईनं पदरानं डोळे टिपले. व्यंकटराव भरल्या आवाजात शेजाऱ्याला म्हणाले, याला म्हणतात संस्कार.

महादेव वाकल्या जागीच थिजला होता.

त्याचे वडील गिऱ्हाइकाला जोड देण्याआधी असंच करायचे. गालाला टोचलं तर पायाला टोचणार, म्हणायचे. त्यानं हे हजारदा पाहिलं होतं. हजारदा केलं होतं.

पण कुणाला काही कळलं नव्हतं. उलट त्याची झाकली मूठ आता सव्वा लाखाची झाली होती. नुसतं गप्प राहायचं होतं.

हौसाबाई तेवढी डोळे टिपत नव्हती. ती त्याच्या बोटाकडे बघत होती.

“हे काय केलंस?” बाबांनी विचारलं.

“भक्ती हो, बाबा,” व्यंकटराव म्हणाले.

“त्याला विचारलंय.”

महादेवनं वळून लोकांकडे पाहिलं. ताट मांडणारे हात यातले कुठले, ते शोधावं तसं. सगळेच हात जोडलेले होते. जोडलेल्या हातांवरनं काही कळत नाही.

त्याचं तयार वाक्य जिभेवर होतं. त्यानं ते गिळलं.

“टाका टोचतो का, ते बघितलं.”

“मी महादेव सातपुते. चिंचणवाडीचा. वडील चपला शिवायचे...” तो थांबला. “मलाही येतात. ही मीच शिवली. बाजारात गेलोच नव्हतो.”

व्यंकटरावांच्या मांडीवरची शाल तशीच राहिली. त्यांनी ती उलगडलीही नाही, पिशवीत टाकलीही नाही.

मागे कुणीतरी उठलं. पाणी प्यायला, की निघून जायला... महादेवच्या मानेला सवयीनं हिसका बसला. पण त्यानं वळून पाहिलं नाही.

“चिंचणवाडी म्हणजे यष्टी कागलवरनं,” हौसाबाई स्वतःशीच म्हणाली, आणि शेजारच्याला जागा व्हावी तशी जरा सरकून बसली. महादेवच्या बाजूला.

बाबांनी उजवी वहाण पायात घातली. उभे राहिले. एक पाऊल टाकलं, अंगठा दाबून पाहिला, मान हलवली.

मग हातातली डावी वहाण त्यांनी महादेवपुढे धरली.

“आता ही बघ. चार वर्षं टोचतेय.”