दिलावर मिस्त्रीचा होकार

पिंपळदऱ्याच्या बाजाराला लागून एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याचं नाव दिलावर. नुसत्या आवाजावरून तो ट्रॅक्टरचं दुखणं ओळखायचा. हात सोन्याचा, पण स्वभाव भिडस्त. समोरच्याला ‘नाही’ म्हणायचं तर त्याची जीभ टाळूला चिकटायची.

एके दिवशी त्याचा शाळेपासूनचा दोस्त रंगनाथ शेवाळे ट्रॅक्टर घेऊन आला. हा ट्रॅक्टर पाच गावांची नांगरट करायचा. इंजिनाचे तास मोजणाऱ्या घड्याळात सात हजार तास भरले होते. धुरातली काजळी अडवणारी जाळी आता दर चार दिवसांनी चोंदत होती. ती चोंदली की लाल दिवा लागे आणि इंजिन आपसूक दम कमी करी. भर हंगामात रंगनाथ वैतागून गेला होता.

दिलावरनं कान देऊन ऐकलं. डिझेल फवारणारं नोझल गळत होतं. त्यामुळं काजळी वाढत होती आणि जाळी भरत होती. इंजिन खोलावं लागेल, दहा-बारा दिवस जातील, असं त्यानं सांगितलं.

रंगनाथला तेवढी सवड नव्हती. शेजारच्या तालुक्यात जाळी काढून साधा पाइप बसवून देतात, संगणक लावून इंजिनाची ताकदही वाढवतात, हे त्याच्या कानावर आलं होतं. ते कायद्याला धरून नाही आणि इंजिनालाही बरं नाही, असं दिलावर चाचरत म्हणाला.

“दुसरा कुणी असता तर मी विनवलं नसतं,” रंगनाथ म्हणाला. “दोस्तासाठी एवढं नाही करणार?”

दिलावरनं मान खाली घातली आणि पाना उचलला. जाळी काढून त्यानं माळ्यावर टाकली. संगणक जोडून दिवा गप्प केला, डिझेल वाढवलं. ट्रॅक्टर असा गरजला की रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. रंगनाथनं त्याला मिठी मारली. आठवड्याभरात त्याच्या सांगण्यावरून आणखी दोघांनी तेच काम करून नेलं. गिऱ्हाईक वाढलं, पण दिलावरला जेवण गोड लागेना.

महिनाभरानं रंगनाथनं त्याला मळ्यात जेवायला बोलावलं. गोठ्यापुढं ट्रॅक्टरवर कडबाकुट्टी चालू होती. रंगनाथची बायको मंदाकिनी तोंडाला पदर बांधून पेंढ्या लावत होती. काळा धूर गोठ्याच्या पत्र्याखाली कोंडला होता. दिलावरला बघून ती बाजूला आली आणि खोकत राहिली.

“महिना झाला, खोकला हटत नाही,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, धुरापासून लांब राहा. घरात तर गॅस आहे. आणि ट्रॅक्टर तुम्ही स्वतः नीट केलाय, म्हणून त्याची काळजी नाही. मग हे कशानं होत असेल, दिलावरभाऊ?”

तिनं भाबडेपणानं विचारलं होतं. दिलावरला काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण तिच्या तोंडावर खोटं बोलवेना.

“वहिनी, ट्रॅक्टर मी नीट केला नाही,” तो म्हणाला. “धूर अडवणारी जाळी काढून टाकली. दुखणं तसंच ठेवलं.”

रंगनाथचा चेहरा पडला, मग तापला. घरी बोलावलं त्याचे हे पांग फेडलेस, बायकोपुढं मला उघडं पाडलंस, असं तो बोलू लागला. दिलावरनं सगळं ऐकून घेतलं.

“दोष माझा आहे,” तो म्हणाला. “त्या दिवशी नाही म्हणायला हवं होतं. आज म्हणतो. हा असा चालू देणार नाही.”

मंदाकिनीनं ट्रॅक्टर बंद केला, किल्ली काढली आणि दिलावरच्या हातावर ठेवली.

ट्रॅक्टर गॅरेजात आला, पण रंगनाथ चार दिवस फिरकला नाही. पाचव्या दिवशी दिलावरनं त्याला बोलावून पिस्टन दाखवला. गळत्या डिझेलनं त्याचा माथा खाऊन टाकला होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर आरपार भोक पडलं असतं. रंगनाथनं त्यावरून बोट फिरवलं आणि ‘नवा घाल’ म्हणून सांगितलं.

दिलावरनं नवा पिस्टन घातला, नोझल बदललं. माळ्यावरची जाळी साफ करून बसवली, संगणकात मूळची मांडणी परत भरली. हंगामाची अर्धी नांगरट दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं नेली. रंगनाथ त्यामुळं चांगलाच खट्टू झाला. जाळी काढून नेलेल्या बाकीच्या दोघांच्या घरी दिलावर स्वतः गेला. एकानं ट्रॅक्टर आणला. दुसऱ्यानं दारातूनच वाटेला लावलं. मंदाकिनीचा खोकला हळूहळू, पावसाळ्यापर्यंत बसला.

पुढं एकदा रंगनाथ गॅरेजात चहा पीत बसला असताना एक बागायतदार आला. त्यालाही जाळी काढून हवी होती. दिलावरनं हातातलं काम न सोडता नकार दिला. बागायतदार रंगनाथकडं वळला आणि म्हणाला, “तुमचा दोस्त आहे. तुम्ही तरी शब्द टाका.”

रंगनाथनं कप खाली ठेवला.

“तुम्हाला तो नाही म्हणाला, तुमचं नशीब चांगलं,” तो म्हणाला. “मला हो म्हणाला होता.”

तात्पर्य: भिडेपोटी दिलेला होकार दोस्ताचंच नुकसान करतो, खरा हितचिंतक वेळेवर नाही म्हणतो, आणि चुकून हो म्हटलं असेल तर ते निस्तरायलाही स्वतःच पुढं होतो.