चांदव्याचं ठाण

एका राज्यात, जिथे साळुंक्या माणसांसारख्या बोलत आणि माणसं साळुंक्यांपेक्षाही जास्त बोलत, तिथे भद्रसेन नावाचा राजा राज्य करी. त्याच्या पागेत घोडे पुष्कळ होते, पण एकही जिवंत नव्हता. सगळे दगडाचे. राजाच्या आजोबांनी एका मांत्रिकाचं पुरलेलं सोनं उकरलं होतं आणि त्याचे घोड्यांसाठी गळदोर घडवले होते. मांत्रिकानं ते सोनं आपल्या गावी परतून घर बांधायला जमवलं होतं. सोनं गेलं, तसं त्याचं परतणंही राहिलं. त्यानं शाप दिला की, या दोरानं बांधलेला जीव माझ्यासारखाच गावासाठी झुरेल आणि झुरता झुरता दगड होईल. अशा एखाद्या जिवानं आपण होऊन इथला घास खाल्ला, तरच सगळ्यांची सुटका.

तरीही नवा घोडा आला की त्याच्या गळ्यात तसलाच सोन्याचा दोर पडे. वाडवडिलांची रीत, ती मोडायची कुणी? घोडे दगड झाले तरी चालतील, पण रीतीला धक्का लागता कामा नये, अशी ही शहाणी माणसं.

राजाचं लग्न झालं. राणी हंसावती दूर उत्तरेच्या डोंगरांतल्या देशाची. माहेराहून आंदण म्हणून तिच्यासोबत एक शिंगरू आलं. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदवा. तिच्या डोळ्यांदेखत जन्मलेलं, तिच्या हातून गूळ खाल्लेलं. साऱ्या सासरात तिच्या ओळखीचं तेवढंच एक तोंड होतं. राणी मेण्यातून उतरेपर्यंत घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांनी शिंगराला दोर घालून पागेतल्या ठाणावर बांधलंसुद्धा. तो दोर मग सुटेना, तुटेना.

चांदव्यानं चंदीच्या दाण्याला तोंड लावलं नाही. खरारा करू दिला नाही. मान उत्तरेकडे वळवून ते शिंगरू उभं राहिलं आणि त्याचे खूर दगडाचे होऊ लागले. राणी रोज सांजवेळी पागेत येई, त्याच्या कानाशी लागून काहीबाही पुटपुटे आणि डोळे पुसत महालात परते. तिथे तिच्याही घशाखाली घास उतरत नसे.

शेवटी ती शाप देणाऱ्या त्या मांत्रिकाकडे गेली; तो अजून तिथल्याच एका टेकडीवर राहत होता. म्हातारा उंबऱ्यावर बसला होता, तोंड आपल्या गावाच्या दिशेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. दिलेला शाप मलाही मागे घेता येत नाही, म्हणाला, पण वाट दाखवतो. मग त्यानं तिला एक बटवा दिला. त्यात हात घातला की तो थेट माहेरी पोहोचे.

"तीन कामं आहेत," तो म्हणाला. "पहिल्या खेपेला तिथलं गवत आण. दुसऱ्या खेपेला तिथलं पाणी. तिसऱ्या खेपेला रिकामा हात परत आण. मला तेवढंच कधी जमलं नाही."

हे तर सर्वांत सोपं, असं राणीला वाटलं.

तिनं बटव्यात हात घातला. बोटांना दवानं ओलं गवत लागलं. मूठभर उपटून आणलं. चांदव्यानं ते अधाशासारखं खाल्लं, मग उत्तरेकडे पाहून ते खिंकाळलं. गवत माहेरचं होतं, इथलं नव्हे; दगड गुडघ्यांपर्यंत चढला. दुसऱ्या खेपेला तिनं तिथल्या नदीचं पाणी तळव्यात आणलं. ते शिंगरानं चाटून संपवलं आणि दगड छातीशी आला.

पागेच्या आढ्यावर एक साळुंकी राहत असे. राणीनं तिला विचारलं, माझं काय चुकतं?

"राणीसाहेब, रोज त्याच्या कानात काय सांगता?"

"दुसरं काय सांगणार? चार दिवसांत आपल्याला न्यायला येतील म्हणून सांगते. मेण्यात बसताना आईनं मला तेच सांगितलं होतं."

"त्यानं ते खरं मानलंय," साळुंकी म्हणाली. "न्यायला येणाऱ्यांची वाट पाहत ते उभं आहे. इथला घास कशाला खाईल?"

 ते चार दिवस केव्हाच होऊन गेले होते, हे राणीलाही ठाऊक होतं.

तिनं तिसऱ्यांदा बटव्यात हात घातला. या वेळी तिकडून कुणीतरी तो धरला. खरखरीत बोटं, पीठ लागलेली. आईचा हात. आईनंही लेकीचा हात ओळखला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. इकडे पागेत दगड शिंगराच्या मानेपर्यंत आला. राणीनं एकदाच आईची बोटं दाबली, आणि मग एकेक बोट सोडवून आपला हात मागे घेतला. बटवा विरून गेला.

तिनं चांदव्याच्या मानेवर तो हात ठेवला.

"बाळा, मी तुला खोटं सांगितलं. आपल्याला न्यायला कुणी येणार नाही. मलाही फार आठवण येते रे. पण आपल्याला आता इथंच राहायचं आहे."

मग तिनं तोबऱ्यातले भिजवलेले हरभरे घेतले आणि त्याच्या शेजारी पेंढ्यावर बसून आधी स्वतः खाल्ले. लग्नानंतर तिनं मन लावून खाल्लेला तो पहिला घास. शिंगरू बराच वेळ बघत राहिलं. मग त्यानं मान वळवली, तिची ओंजळ हुंगली आणि एक हरभरा उचलला.

सोन्याचा दोर गळून पडला. साऱ्या पागेत दगडांना घाम फुटला, आणि कितीतरी वर्षांपासून दगड झालेले घोडे, गळ्यातले दोर गळून पडताच, शेपट्या झाडू लागले. राजा धावत आला. त्यानं ते सोनं स्वतः टेकडीवर पोहोचवलं आणि मांत्रिकाची क्षमा मागितली. म्हातारा त्याच पावली निघाला. त्याचं गाव अजून आहे की नाही, कुणालाच माहीत नव्हतं, पण तो निघाला.

राजानं पागेची दारं उघडली आणि जायचं त्यानं जावं असं फर्मावलं. पुष्कळ घोडे गेले. चांदवाही वेशीपर्यंत गेला. उत्तरेचा वारा त्यानं नाकपुड्या फुलवून घेतला आणि तो तिथंच उभा राहिला. राणीचा जीव कासावीस झाला, पण तिनं हाक मारली नाही. ऊन कललं, तेव्हा तो वळला, हळूहळू चालत आपल्या ठाणावर आला आणि त्यानं तोबऱ्यात तोंड घातलं. राणीनं त्याच्या आयाळीत चेहरा लपवला आणि सासरी आल्यापासून पहिल्यांदाच पोटभर रडली.

चांदव्याला जसं त्याचं ठाण मिळालं, तसं घर सोडून आलेल्या सगळ्यांना मिळो.