साळू विचारते, कोणी पाहिलं?

माणूस अजून लिहायला शिकला नव्हता, तेव्हा एका जंगलातले प्राणी आपल्याला ठाऊक असलेलं सगळं नदीकाठच्या कातळावर कोरून ठेवत. नियम एकच होता. कुठलीही गोष्ट कोरायची, तर ती डोळ्यांनी पाहिलेला कोणीतरी समोर आणायचा. स्वतःची बढाई स्वतः सांगितलेली चालायची नाही. कोरायचं काम साळू साळिंदरीचं, तिच्याच गळलेल्या काट्यांनी.

एकदा वाघ आला. "कोर, वाघाने एका उडीत नदी ओलांडली."

"कोणी पाहिलं?" साळूने विचारलं.

"कोल्ह्याला विचार."

कोल्हा म्हणाला, "मला माकडाने सांगितलं." माकड म्हणालं, "मी पोपटाकडून ऐकलं." पोपट चाचरत म्हणाला, "मला तर वाघोबांनीच सांगितलं."

"मग नाही कोरणार," साळू म्हणाली.

जमलेले सगळे प्राणी वाघाकडे पाहू लागले. वाघाने डरकाळी फोडली, "कोरतेस, की खाऊ तुला?"

साळूचे काटे ताठ उभे राहिले.

"खा की! माझे काटे इथेच पडतील, ते कोणीही उचलेल. आणि वाघाने साळूला खाल्लं, हे बिनदिक्कत कोरता येईल. पाहणारे ढीगभर आहेत."