चंद्री कोंबडीचं औषध

एका गावात एक भोळा जावई होता. जावई म्हणजे गावाचा नव्हे, शेजारच्या गावातल्या सासरेबुवांचा; त्यांना तो मामा म्हणे. नाव सुभाना. अंगाने धिप्पाड, मनाने लोणी. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. पंचाईत व्हायची ती त्यामुळेच.

त्याची बायको सगुणा. तिला माहेराहून आंदण म्हणून एक तांबडी कोंबडी आली होती, चंद्री. सासरेबुवांनी ती सुभानाच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "जावईबापू, ही जगवून दाखवा. कोंबडी सांभाळता येईना त्याच्या घरी मी पोरगी ठेवणार न्हाई." मंडळी हसली. सगुणा हसली नाही. आपले आबा बोलतात ते करतात, हे तिला ठाऊक होतं.

एकदा चंद्री ज्वारीच्या पोत्यात शिरली आणि पोटाला तडस लागेस्तोवर कोरडे दाणे खाऊन बसली. गळ्याखालची पिशवी दगडासारखी झाली. मान आत, पिसं फुगलेली, तुरा फिकट. सगुणाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने शेजारच्या कोंडामावशीला बोलावलं. मावशीने पिशवी चाचपली.

"दाणा बंद," मावशी म्हणाली. "चोचीत तेलाचे थेंब सोड, गळा हलक्या हाताने वरून खाली चोळ, जवळ पाणी ठेव आणि डालग्याखाली झाक. तुरा लाल झाला की सोड."

सगुणाने तसं केलं. चंद्री वेताच्या डालग्याखाली, त्या भल्यामोठ्या पालथ्या टोपलीखाली गेली. मग सगुणा मावशीकडे शेवया करायला निघाली. जाताना नवऱ्याला बजावलं, "अहो, कितीबी ओरडली तरी दाणा द्यायचा न्हाई. नुसतं पाणी."

"दाणा न्हाई, पाणी," सुभाना म्हणाला. पाठ झालं.

तेवढ्यात सगुणाचा भाऊ बाळकू आला, उन्हातून चालत.

"दाजी, लई भूक लागलीय. भाकरी हाय का?"

सुभानाने तांब्या पुढे केला. "पाणी घे."

"पाणी प्यालो की. भाकरी?"

"कितीबी ओरड. दाणा मिळायचा न्हाई."

बाळकू तडक मावशीच्या घरी गेला आणि बहिणीपुढे रडकुंडीला आला. सगुणा पिठाच्या हातांनी धावत आली.

"अहो, पाहुण्याला उपाशी ठेवतात व्हय? पाहुण्याला बसायला पाट द्यायचा. नको म्हटलं तरी वाढायचं. मान फिरवली तरी वाढायचं. पुरे म्हणेस्तोवर हात आखडायचा न्हाई!"

"चुकलंच," सुभाना म्हणाला. आणि हेही पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी चंद्रीचा तुरा लाल झाला. सगुणाने तिला सोडलं. "हिला जरा मऊ भात घाला," म्हणाली आणि उरलेल्या शेवयांना गेली.

सुभानाने पाट मांडला. चंद्रीला त्यावर बसवलं. भात वाढला. चंद्रीने खाल्ला. त्याने परत वाढला.

"घ्या, लाजू नका."

चंद्रीने मान फिरवली.

"संकोच करताय," सुभाना म्हणाला आणि मूठभर आणखी वाढला. ती उठली की तो तिला पुन्हा पाटावर बसवी. पातेलं रिकामं झालं, पण चंद्री काही पुरे म्हणाली नाही. सुभानाने दुसरं पातेलं चढवलं.

सगुणा आली तेव्हा पिशवी पुन्हा टम्म! आता मात्र तिला रडूच आलं.

"अहो, उद्या आबा यायचेत! हिला काही झालं तर मला घेऊन जातील ते!"

सुभानाचेही डोळे भरले. सगुणेवाचून त्याचं पान हलत नव्हतं. "आता कधी चुकणार न्हाई. एकदा नीट सांग."

सगुणाने डोळे पुसले. "पोट जड झालं की तेल, चोळणं, पाणी आणि डालगं. लाल झाल्याशिवाय सोडायचं न्हाई. फडफड केली तरी न्हाई. समजलं?"

समजलं. त्या रात्री सुभाना तेच पुटपुटत झोपला.

सकाळी चंद्रीचा तुरा पुन्हा लाल. आबा आले. अंगाने किडकिडीत, मिशा तेवढ्या भारदस्त. त्यांनी कोंबडी उलटसुलट करून पाहिली, पिशवी दाबली, तुरा पाहिला.

"ठणठणीत हाय. जावईबापू, जिंकलात. पोरीची काळजी मिटली."

सगुणाचा जीव भांड्यात पडला. तिने शेवयांच्या खिरीचा असा आग्रह केला की आबांना श्वास घेता येईना. मग ती विहिरीवर गेली.

आबांनी फेटा काढून खाटेवर ठेवला. अंगणात भिंतीला टेकून उकिडवे बसले आणि पोटावरून हात फिरवत म्हणाले, "जावईबापू, पोट लई जड झालं बघा."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. घोरायलाच लागले.

सुभाना उठला. या खेपेला तो चुकणार नव्हता.

सगुणा घागर घेऊन परतली, तर चंद्री खाटेवर आबांच्या फेट्यात ऐसपैस बसलेली. खाली पांढरंशुभ्र अंडं. अंगणात डालगं पालथं, त्यावर मसाल्याचा पाटा, शेजारी पाण्याची वाटी. डालगं हलत होतं. आतून शिव्या येत होत्या, आणि वेताच्या फटीतून तेलाने निथळणारी एक मिशी बाहेर आली होती.

"अहो!" सगुणाच्या हातून घागर सुटली. "आबा कुठं हायत?"

"फडफड लई केली, पण सोडलं न्हाई," सुभाना म्हणाला. मग गुडघ्यावर बसून फटीतून त्याने आत डोकावून पाहिलं, आणि त्याचा चेहरा आनंदाने फुलला.

"सगुणे, गुण आला! मामा कानापर्यंत लाल झालेत. आता सोडू?"