इंद्राबाईंचा पाव आणि महाराजांचं पारणं

समुद्रकाठच्या आंबेरखोल गावात श्री केवळनाथ महाराज एकदा महादेवाच्या देवळात उतरले होते. एकवीस दिवस मौन आणि दिवसाला पेलाभर दूध, असं त्यांचं व्रत चाललं होतं. सोमवारी पारणं. पहिला घास आपल्या घरचा असावा म्हणून गावात नुसती चढाओढ लागली होती.

गावकुसाला इंद्राबाई पेडणेकरीण राहत असे. नवरा गोव्यात बेकरीत भट्टीवर होता. तो वारला, पण त्याआधी बायकोला पाव करायला शिकवून गेला. महाराजांच्या तोंडात दात उरले नव्हते, ही गोष्ट एवढ्या मोठ्या गावात तिच्या एकटीच्या लक्षात आली होती. दुधात बुडवलेला मऊ पाव त्यांच्या पोटात जावा, एवढीच तिची इच्छा. तेवढ्यासाठी तिने घरचे गहू दळून पीठ दोनदा वस्त्रगाळ केलं होतं.

सोमवारी सकाळीच गावचे वामनशास्त्री चार माणसं घेऊन तिच्या अंगणात हजर झाले. शास्त्रीबुवा विद्वान खरेच; पण विद्वत्तेहून त्यांचा ताठा दोन बोटं उंच होता.

"पाव कशावर फुगतो गं?" त्यांनी विचारलं.

"ताज्या माडीवर."

"म्हणजे ताडामाडाच्या दारूवर! आणि ते महाराजांच्या मुखात घालणार?"

"भाकरी तेंका चावाक येता काय? मी पावच देतलंय."

शास्त्रीबुवांनी काठीने माडीचं मडकं कलंडवलं. सगळी माडी मातीत गेली. माडी काढणाऱ्यालाही त्यांनी दम भरून ठेवला होता. "आता फुगव," म्हणाले. बरोबरची माणसं हसली.

इंद्राबाईला रडू आलं, पण ते तिने त्यांच्यादेखत येऊ दिलं नाही. "माज्या पिठाचा काय करूचा ता माजा मी बघतलंय," एवढं बोलून ती आत गेली. महाराजांचं नाव घेत तिने नुसत्या मीठपाण्यात पीठ मळलं, परातीत झाकून ठेवलं, खापराखाली विस्तव घातला आणि समोर बसून राहिली. वेडेपणाच तो! पण हार मानणं तिच्या रक्तातच नव्हतं.

दुपार झाली. पीठ होतं तसंच, दगडासारखं. तिकडे देवळात शास्त्रीबुवांनी पुरणपोळीचं ताट वाढलं, तर महाराज पाटावरून उठले आणि चालू लागले. गाव मागोमाग. ते थेट इंद्राबाईच्या दारात येऊन थांबले.

एकवीस दिवसांनी महाराज पहिल्यांदा बोलले, "आमचं पीठ फुगलं का, बाई?"

"फुगाक नाय, म्हाराज. पण मी ता टाकूक नाय."

"मग आम्ही बसतो," महाराज म्हणाले आणि परातीशेजारी मांडी घालून बसले. परातीवर त्यांनी फक्त हात ठेवला.

"महाराज, मुहूर्त टळतोय," शास्त्रीबुवा कळवळले.

"टळू दे. भूक आम्हाला लागली आहे."

बघता बघता परातीवरचं फडकं हललं. मग ते हळूहळू वर आलं, आणि पीठ काठावरून बाहेर डोकावू लागलं. इंद्राबाईने गोळे वळले, खापरात घातले, झाकणावर निखारे रचले. थोड्याच वेळात भाजल्या पावाचा वास अंगणभर पसरला. महाराजांनी पहिला पाव दुधात बुडवून डोळे मिटून खाल्ला.

मग ते शास्त्रीबुवांकडे वळले. "माडी कोणी ओतली?"

"मी, महाराज."

"सगळी?"

"थेंबसुद्धा ठेवला नाही."

"मग हे कशावर फुगलं?"

अख्ख्या गावात पिठात माडी नाही याचे पक्के साक्षीदार शास्त्रीबुवाच होते. त्यांचे डोळे भरून आले आणि ते महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नव्हे. जिच्या दारात मडकं कलंडवलंत, तिच्यापुढे."

शास्त्रीबुवा तसेच वळले आणि इंद्राबाईपुढे त्यांनी मस्तक टेकलं.

"उठा, शास्त्रीबुवा," ती म्हणाली. "माजो राग नाय. पण उद्या मी माडीच घालतलंय."

"घाल," महाराज म्हणाले. "आम्ही उद्याही इथेच जेवू."

शास्त्रीबुवांनी मान वर न करता दोन्ही हात पुढे केले आणि प्रसादाचा पाव मागितला.