प्लास्टिकातली शेड

घरात आलेल्या नव्या वस्तूचं प्लास्टिक वर्षानुवर्षं काढायचं नाही, अशा काळातली ही गोष्ट. दिवाणखान्यातल्या दिव्याची रेशमी शेड पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकातच मिरवायची. धूळ पुसणारं फडकं त्यामुळे संतापायचं.

“शेडताई, बल्ब तापलाय! प्लास्टिक वितळून अंगाला चिकटेल. काढू द्या ते!”

“आणि तुझ्यासारखी मळू होय रे, फडक्या?”

“मळलात तर मी पुसेन. जळलात तर कोण पुसणार?”

तेवढ्यात करपल्याचा वास सुटला. शेड किंचाळली, “अरे, काढ लवकर!”

फडक्याने झेप घेऊन प्लास्टिक टराटरा ओढून काढलं. भिंतभर उजेड उसळला, रेशमावरची जाईची फुलं पहिल्यांदाच उमटली!

थोड्या वेळाने शेडवर धुळीचा पहिला कण बसला. ती हळूच म्हणाली, “फडकेबुवा, येता ना?”